मोकळी खुंटी

"मग एवढं तूप गेलं कुठं, वस्ताद?"

केरबा चौगुले तालमीच्या दारातूनच ओरडला. एके काळी त्याची कुस्ती बघायला माणसं झाडावर चढून बसत. आता उंबरा ओलांडायला त्याला चौकट धरावी लागत होती.

"तुमीच म्हनायचा, तूप खा, सांध्याला वंगण मिळतंय. खाल्लं की! आजवर खंड न्हाई पडू दिला. आन् गुडघं बघा… जुन्या कवाडागत वाजत्यात."

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर भाकरी खात बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

म्हातारपणामुळं आज ते तालीम सोडणार होते. इथली रीत अशी, की जुना वस्ताद लाल मातीत खोरं रोवतो. ज्यानं पुढं तालीम सांभाळायची, त्यानं हौद्यात उतरून ती माती खणायची. खणली की तो वस्ताद. केरबा सगळ्यांत जुना चेला. खोरं आपलंच, याबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती. धास्ती होती ती गुडघ्यांची, कारण हौदा चांगला मांडीइतका खोल होता.

तालमीत पाऊल टाकलं की आधी वाकून माती कपाळाला लावायची. केरबाला वाकता येईना. त्याच्यासोबत आलेल्या त्याच्या चेल्यांनी मोठ्या आदरानं पितळीत माती भरून त्याच्यापुढं धरली. त्यानं चिमूट उचलली.

वस्ताद उठले आणि त्यांनी पितळीला असा तडाखा दिला, की ती भिंतीवर जाऊन आदळली.

"माती वर येत नसती! मानूस खाली जातो. कुनी शिकवलं रं ह्यास्नी हे?"

चेले भिंतीला चिकटले. केरबाचं तोंड लालबुंद झालं. आपल्याच माणसांदेखत झालेला हा अपमान त्याच्या जिव्हारी लागला.

"मातीचं मला नगा सांगू. तेल घालताय, ताक घालताय, म्हनून मऊ हाय न्हवं ती? मग शरीराचं काय येगळं?"

"आठ दिस खणू नगंस तिला. नुसतं तेल वत. मग हात लावून बघ, दगड झाली असंल."

केरबा चौकटीला टेकून गुडघा चोळू लागला.

"डाक्टरकडं गेलतास?"

"गेलतो. त्यो एक दीडशहाणा! म्हनला, वजनाचा भार गुडघ्यावर पडतोय ते हायच, पर ही चरबी नुसती बसून ऱ्हात न्हाई. आतल्या आत सूज धरती, सांधं खाती. तूप, लोनी, तळन कमी करा. मासं खावा, जवस खावा." केरबा कडवट हसला. "मी पैलवान मानूस. म्या जवस खाऊ?"

वस्तादांनी आपली भाकरी त्याच्या नाकापुढं धरली. तिच्यावर जवसाची चटणी होती.

केरबानं चटणीला बोट लावून बघितलं.

"तुमी… तुमी तूप कवा सोडलं?"

"लंगोट सोडला त्या दिशी."

"आन् मला सांगितलं न्हाई?" आता मात्र केरबाच्या रागाला धरबंद राहिला नाही. "मी डोळ्यांदेखत फुगत गेलो आन् तुमी भाकरी खात बसला? न्हानीतनं बायको हात धरून उठीवती मला! सांगितलं का न्हाई? का न्हाई सांगितलं?"

वस्तादांना शिवी द्यावी की त्यांच्या गळ्यात पडून रडावं, हेच त्याला कळेना.

वस्ताद मारुतीच्या तसबिरीपाशी गेले. तिच्याखाली खुंट्या होत्या. कुस्ती सोडणारा आपला लंगोट इथं टांगून जातो. वस्तादांचा लंगोट विटून पांढुरका होऊन तिथं लोंबत होता. शेजारची खुंटी त्यांनी केरबासाठी राखली होती. तिच्यावर नुसती धूळ होती.

केरबानं नजर फिरवली. त्याची शेवटची कुस्ती होऊन जमाना झाला होता. लंगोट घरी ट्रंकेत घडी घालून ठेवलेला होता. दर सणाला केरबा तो बाहेर काढायचा, उन्हात घालायचा आणि पुन्हा आत ठेवायचा. गावात अजून लोक पैलवान म्हणून हाक मारत. ती हाक त्याला गोड लागे. आणि रोज सकाळी, पैलवानाला हवं तेवढं तूप त्याच्या ताटात पडे.

वस्तादांनी बोटानं त्या खुंटीवरची धूळ पुसली. मग कोपऱ्यातलं खोरं उचललं, काठावर आले आणि खालच्या मातीत ते खचकन रोवलं.

"वस्ताद, माझं ऐका…"

"खुंटी मोकळी हाय, म्हंजी कुस्ती चालू हाय न्हवं तुजी?" वस्ताद म्हणाले. "मग उतर."