अवडाक्का आणि तीस धोंडे

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या पणजोबांचे पणजोबासुद्धा रांगत नव्हते तेव्हा, खापरेवाडीच्या तिन्ही विहिरी आटल्या. पाणी उरलं ते फक्त वर डोंगरात, एका झऱ्याला. गाव उठायची वेळ आली. बैलगाड्या भरल्या होत्या, असं म्हणतात. तेव्हा अवडाक्का कुंभारीण आडवी आली. "थांबा. मातीचे नळ भाजते. झराच खाली आणू."

आणि काय बाई होती! भाजायची भट्टी, तो आवा, उघडला की त्यातले दहा नळ उचलायची. दोन दगडांवर नळ आडवा ठेवायची, मधोमध दोरीनं पाटी टांगायची आणि पाटीत एकेक धोंडा टाकत जायची. कडाड्! तीस धोंड्यांच्या आत एक जरी नळ फुटला, तरी अख्खा आवा बाद. असे सहा आवे तिनं बाद केले. सहा! लोकांच्या घशाला कोरड आणि ही आपली नळ फोडतेय. त्यातून कहर म्हणजे, तीस धोंडे पेललेला नळही ती वापरायची नाही. त्याच्यावरून हात फिरवून म्हणायची, "दमलास बाबा. बस आता." आणि ठेवायची बाजूला.

तिचा दीर भैरू वैतागला. "वैनी, फुटका टाकतीस ते कळलं. धडका का गं टाकतीस? डोकं फिरलंय का?"

"त्यानं भार सोसलाय भैरू. आत केसाएवढी चीर गेली असंल तर कुणाला दिसणार? लोखंड वाकतं, लाकूड करकरतं. माती मरेस्तोवर गप ऱ्हाती."

सातवा आवा मात्र पास झाला. नळ जोडत जोडत माणसं डोंगर उतरली आणि अगदी पायथ्याशी एक नळ कमी पडला. भैरूनं काय करावं? बाजूला ठेवलेल्यातला एक गुपचूप आणून बसवला. त्याला वाटलं, तीस धोंडे पेललेत, याच्यापेक्षा भक्कम कोण!

पाणी सुटलं. गाव नाचायला लागलं. आणि पायथ्याशी, नेमका तोच नळ तडकला. पाण्याची चिळकांडी माणसाच्या डोक्यावरून उडाली!

"वैनी, माझं चुकलं गं!" भैरू ओरडला.

अवडाक्का धावली आणि त्या नळाला मिठी मारली. तळवे चिरेवर, गाल मातीवर. आणि पाणी थांबलं! म्हणजे वाहतं राहिलं, पण नळातून, थेट गावात. नवा नळ भाजून येईपर्यंत तीन दिवस, तीन रात्री ती तशीच होती, असं म्हणतात. अन्न नाही, झोप नाही. तिला कळत होतं, आपण सोडलं की गाव गेलं.

चौथ्या दिवशी भैरू नवा नळ घेऊन आला. तिचे हात अलगद सोडवले, तर जुन्या नळावर दहा बोटं उमटलेली. भाजलेल्या मातीत कधी ठसा उमटतो का? पण उमटला होता!

भैरूनं तिच्या हातांवरून हात फिरवला. "दमलीस वैनी. बस आता."

अवडाक्का हसली. शेजारच्या दगडाला टेकून बसली. ती बसली ती बसलीच.

आता खापरेवाडीत घरोघरी प्लॅस्टिकचे पाइप आहेत. पण दर अक्षय्य तृतीयेला त्या दगडापाशी नव्या आव्यातला एक माठ दोरीनं टांगतात आणि त्यात एकेक धोंडा टाकतात. सगळं गाव मोठ्यानं मोजतं. फुटला तर तो आवा विकत नाहीत. तीस पेलले, तरी त्या माठात पाणी कुणी भरत नाही. गावातली सगळ्यात म्हातारी बाई पुढे येते, तो दगडाला टेकवून ठेवते, वरून हात फिरवते आणि म्हणते,

"दमलीस. बस आता."