थंड चाक

“आवाज गेला म्हणतोस... पण गेला कुठं?”

दस्तगीर उस्तादांनी विचारलं आणि चहाची बशी तोंडाला लावली.

जालिंदर हसला. “आता आवाज कुठं जाणार उस्ताद? मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकचे लायनर झिजले होते. नवे घातले. कालपर्यंत ब्रेक दाबला की किंचाळत होतं, आज हूं नाही की चूं नाही!”

“हं...”

झालं! त्या एका ‘हं’नं जालिंदरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घाटमाथ्यावरच्या या गॅरेजचा रिवाजच होता तसा. ब्रेकचं काम झालेली गाडी उस्तादांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय घाट उतरत नसे. ड्रायव्हर कितीही घाईत असो, ‘जाऊ का?’ विचारायचा आणि गप उभा राहायचा. इतकी वर्षं ग्रीसमध्ये हात काळे करून जालिंदरला एकच आस लागली होती. तो ‘जा’ एकदा आपल्या तोंडून निघावा.

आणि आज त्यानं तो काढलाच होता. परस्पर.

“सर्जेरावला मी जा म्हणून सांगितलंय,” तो छाती काढून म्हणाला.

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

बाहेर सर्जेरावची जीप उभी होती. आत शाळेच्या कबड्डीच्या पोरी दाटीवाटीनं बसलेल्या. खाली तालुक्याला फायनल होती, त्यामुळं नुसता कालवा चाललेला.

उस्ताद उठले. पायजम्याला हात पुसले, जीपला एक फेरी मारली आणि मागच्या दारातून आत शिरले.

“सरका गं बायांनो, म्हाताऱ्याला जागा द्या.”

बसले ते नेमके मागच्या डाव्या चाकावरच्या जागेवर.

“उस्ताद, तुम्ही कशाला?”

“तू बरी केलीस म्हणतोस ना? मग बसतो की!”

सर्जेराव खिसे चाचपत होता. “आयला, चावी कुठं ठेवली मी?”

पोरी खिदळल्या. त्यांच्या मधोमध उस्तादांची पांढरी दाढी... आणि जालिंदरला त्यांचा मघाचा प्रश्न आठवला.

गेला कुठं?

आताच तर तो उतारावर ट्रायल मारून आला होता. चांगले दणकून ब्रेक मारले होते. म्हणजे चाकं तापलेली असणार. चारही.

तो वाकला. पुढच्या उजव्या चाकाला हात लावला. गरम. पुढचं डावं, गरम. मागचं उजवं, तेही गरम.

मागच्या डाव्याला हात लावला...

गारढोण.

अरे देवा! चाक ब्रेकच धरत नव्हतं. नवे लायनर घासतच नव्हते, मग ओरडतील कशाला?

“उतरा! सगळ्याजणी उतरा!” तो ओरडला. “गाडी जाणार नाही. माझं चुकलं!”

चाक उतरवलं, ड्रम काढला. लायनर ड्रमवर दाबणारा आतला सिलिंडर जाम होऊन बसला होता. जालिंदरनं नवा बसवला, ब्रेकच्या नळीतली हवा काढली आणि ट्रायलसाठी गॅरेजात ठेवलेली जादा चावी लावून तो रिकामी जीप घेऊन उतारावर गेला. पोरी रस्त्याच्या कडेला श्वास रोखून उभ्या. त्यानं वळणापाशी ब्रेक दाबला, तशी जीप जागच्या जागी गपकन उभी राहिली. पोरींनी असा गिल्ला केला की मॅच जिंकल्यातच जमा!

पुन्हा पुन्हा ब्रेक मारून तो परत आला आणि चारही चाकांवर तळवा ठेवला. चारही गरम. त्याला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

मग एकदम तो उस्तादांकडे वळला. “तुम्हाला ठाऊक होतं! मी थांबवलं नसतं तर?... एवढ्या पोरी होत्या आत!”

उस्तादांनी मूठ उघडली.

मुठीत सर्जेरावची चावी होती. मघाशी तो खिसे चाचपून शोधत होता, तीच.

 जालिंदरनं ती उचलून सर्जेरावला दिली.

पोरी पुन्हा चढल्या. सर्जेरावनं स्टेअरिंग धरलं आणि रिवाजाप्रमाणं खिडकीतून मान बाहेर काढली.

“उस्ताद, जाऊ का?”

उस्तादांनी कानाला हात लावला.

“त्याला विचार. मला आजपासून ऐकू येत नाही.”