सावरघळच्या माळावरची कपड्यांची दांडी

सावरघळच्या माळावर आलं की आधी नजरेत भरतात ते दोन उभे दगड. माणसापेक्षा हातभर उंच, आणि त्यांच्या डोक्यावरच्या खाचांत आडवी टाकलेली बांबूची जाडजूड दांडी. शहरातून आलेली मंडळी हटकून विचारतात, झोपाळा कुठे गेला? मागे एका पाहुण्यांनी तर चपला काढून हात जोडले होते. जोडा बापडे, पण इथे देव नाही. ही कपड्यांची दांडी आहे. काल संध्याकाळी वारं सुटल्यावर तुमचे दात वाजायला लागले, तेव्हा तुमच्या अंगात हा राखाडी स्वेटर घातला ना, तो हिच्यावरचाच. तेव्हा हिची गोष्ट ऐकल्याशिवाय जाऊ नका. चहा उकळेपर्यंत होईल सांगून.

फार मागची गोष्ट. सावरघळला तेव्हा तुळसाक्का नावाची पाटलीण होती, असं सांगतात. हाताने सढळ आणि तोंडाने त्याहून सढळ. लुगड्याचा रंग एवढासा उतरला, काठ जरा विटला, की ते खालच्या आळीत कुणाला तरी देऊन मोकळी व्हायची. खालच्या आळीत टोपल्या-सुपं विणणारी माणसं राहत. आक्का द्यायची ते अगदी मनापासून, त्यात खोट नव्हती. पण दिलेलं तिला विसरता येत नसे.

पाणवठ्यावर भरल्या बायकांत ती एखादीला हटकायची, "अगं, हे माजं इरकली न्हवं? पदर नीट घे की, भारीतलं हाय ते!" दुसरीला म्हणायची, "माजी चोळी घट्ट व्हती व्हय गं तुला? खातीस तरी काय?" सगळ्या बायका खो-खो हसायच्या. जिच्या अंगावर ती चोळी असे, ती तेवढी खाली मान घालून घागर भरायची. तुळसाक्काला हे कधी दिसलंच नाही. आपण लडिवाळपणे बोलतो, अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

एका वर्षी ऐन मार्गशीर्षात, थंडी नुकती धरू लागली होती तेव्हा, खालच्या आळीतल्या गवताच्या गंजीवर ठिणगी पडली. वारं होतंच. बघता बघता सगळी आळी पेटली. माणसं वाचली, शेरडं-कोंबडी वाचली, पण अंथरूण-पांघरूण, धडुतं, वाकळा, सगळ्याची राख झाली. अंगावर होतं तेवढंच उरलं.

तुळसाक्काने त्याच दिवशी पेट्या उघडल्या. ओसरीवर लुगड्यांचा, धोतरांचा, घोंगड्यांचा ढीग लावला आणि दवंडी दिली की या आणि न्या. ती पायरीवर बसून राहिली. दुपार झाली, ऊन उतरलं, पण एक माणूस फिरकलं नाही. खालच्या आळीत लोक पोरांना पोटाशी धरून जाळाभोवती बसले होते, आणि ओसरीवरचा ढीग जागचा हलला नव्हता.

आक्काचं डोकं फिरलं. ती तरातरा खाली गेली आणि रखमा सुईणीसमोर उभी राहिली. रखमा आळीतली सगळ्यात वडीलधारी. सावरघळची निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली.

"रखमे, माज्या दारात यायला पाय दुकत्यात व्हय तुमचं?" आक्काने विचारलं.

रखमा जाळात काटकी सारत म्हणाली, "आक्का, थंडी काय, चार दिसांत सरंल. पर तुमचं लुगडं नेसलं, का वरीसभर तुमचं नाव अंगावर वागवायचं. लई जड हुतंय वो ते."

तुळसाक्काला असं तोंडावर कधी कुणी बोललं नव्हतं. ती आली तशीच परत फिरली. घरी येऊन तिने सगळ्यांवर आदळआपट केली म्हणे, मांजरसुद्धा तिच्या तावडीतून सुटलं नाही.

त्याच आठवड्यात तिच्या लेकीला, पारूला, कळा सुरू झाल्या. पारू बाळंतपणाला माहेरी आली होती, पण दिवस अजून भरले नव्हते. रखमाला बोलवावं कोणत्या तोंडाने? आक्का उंबऱ्यात घुटमळत असतानाच रखमा आपणहून आली, हात धुतले आणि आत गेली. पहाटे मुलगा झाला. एवढासा जीव, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत होत्या.

आता पाटलाच्या घरात कापडाला काय तोटा! पण जे गुंडाळावं ते खळीचं, कडक, नवंकोरं. पोर लाल व्हायचं, अंग ताणून रडायचं, रडून रडून थकायचं आणि दूध ओढायचं नाही. कापड उकळून पाहिलं, दगडावर आपटून पाहिलं. नव्याचा खरखरीतपणा एका धुण्यात जातो थोडाच? उघडं ठेवावं तर थंडी.

"आक्का, जुनेर काडा एकादं," रखमा म्हणाली. "लई वापरल्यालं, मऊ पडल्यालं. त्याबिगर ह्यो जीव तग धरायचा न्हाई."

तुळसाक्काने वरच्या आळीतली सगळी घरं धुंडाळली. जुनेर कुठून असणार? तिच्या घरात कापड जुनं होण्याआधीच दुसऱ्याच्या अंगावर जायचं, आणि बाकीच्या वरच्या आळीने तिचंच पाहून तोच शिरस्ता धरला होता. सावरघळची सगळी जुनेरं खालच्या आळीत होती. म्हणजे आता राखेत, नाहीतर तिथल्या माणसांच्या अंगावर होती.

हाताशी होतं एकच. ते रखमाच्या अंगावर होतं. जागोजाग दंड घालून जोडलेलं, पदराला ठिणगीने भोक पडलेलं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं हिरवं लुगडं.

आक्काने ते पाहिलं आणि ओळखलं. तिचंच होतं ते! पारू पोटात असताना डोहाळजेवणाला नेसलेलं. शब्द तिच्या अगदी ओठांवर आले, की अगं, हे माजंच न्हवं का, दे इकडं. जन्मभराची सवय ती. रखमाही तिच्याकडे पाहत होती. शब्दांची वाटच पाहत होती म्हणा ना.

आतल्या खोलीत पोराचं रडणं बारीक होत चाललं होतं. ते ऐकून तुळसाक्काला रडू फुटलं. ती रखमाच्या, वर्षानुवर्षं टोपल्या विणणाऱ्या, पोरं धरणाऱ्या, तेच लुगडं पुन्हा पुन्हा पिळणाऱ्या हातांकडे पाहू लागली. तिने पदर पसरला.

"मावशी," ती म्हणाली, "तुजं लुगडं दे गं मला. माज्या नातवासाठी."

"कुनाचं म्हनलीस?"

"तुजं."

रखमा हसली. त्या गडबडीत ती पाटलिणीला एकेरी बोलून गेली, आणि पुढे जन्मभर तशीच बोलली. "घे की मग," ती म्हणाली. "पर मी नेसू काय?"

ओसरीवरच्या ढिगातलं एक लुगडं रखमाने स्वतः निवडलं आणि आडोशाला जाऊन नेसली. तिच्या जुनेराची चार दुपटी निघाली. पोर त्यात गुंडाळलं, तसं आधी उसासलं, मग गप्प झालं, आणि थोड्या वेळाने चुटूचुटू दूध ओढायला लागलं. पारू हसत होती आणि रडत होती. 

ऊन कलायच्या आत आक्का या माळावर आली. हा माळ ना कुणाच्या दारात, ना कुणाच्या ओसरीसमोर. तिने वरच्या आळीतल्या गड्यांकडून हे दोन दगड उभे करवले. दांडी खालच्या आळीने दिली, टोपल्यांसाठी कापून ठेवलेल्या बांबूतला सगळ्यात जाड बांबू. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरचा ढीग दांडीवर आला. बाळाला कुशीत घेऊन आक्का समोर उभी राहिली आणि ओरडून म्हणाली, "पयलं मी घेतलंया! आता कुनी लाजायचं न्हाई. आनि वळखीचं कापड दिसलं, तर ह्या तुळशीला वाचा न्हाई, असं समजा!"

त्यावर घळीतून धुकं वर आलं म्हणे. असं दाट, की हाताला हात दिसेना. ते निवळलं तेव्हा दांडी रिकामी होती. कुणी काय नेलं ते कुणालाच दिसलं नाही. थंडीच्या दिवसांत घळीत धुकं भरतंच, हे आम्हालाही कळतं. पण त्या दिवसाचं धुकं वेगळं, असं म्हातारी माणसं सांगत आली, आणि त्यांच्याशी वाद घालायला कुणी गेलं नाही.

तुळसाक्काने शब्द पाळला का? जवळजवळ. पुढच्याच बाजाराला एका बाईचा पदर पाहून तिच्या तोंडून "अगं, हे माजं" एवढं निसटलंच. तिने लगेच जीभ चावली. मग शिक्षाही स्वतःच ठरवली आणि पुढच्या वर्षी दांडीवर जाणारा गावाचा सगळा कपडा एकटीने ओढ्यावर धुतला. रखमा काठावर बसून पान खात तिला डाग दाखवत होती, असं सांगतात.

आजही दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दांडी भरते. कपडा धुतलेला, उसवलं असेल तिथे टाके घातलेला आणि गुंड्या लावलेला हवा. देणाऱ्यानेही काही घेतल्याशिवाय घरी जायचं नाही, आणि ज्याच्या घरी सगळ्यात जास्त त्याने सगळ्यात आधी घ्यायचं. यंदा सरपंचांच्या हाताला कुणा पोराची गोंड्याची माकडटोपी लागली. दिवसभर तीच घालून हिंडले, ग्रामसभासुद्धा तशीच घेतली. अंगावर घालण्याजोगं जे उरत नाही त्याच्या वाकळा होतात, मऊ सुताची दुपटी होतात. सावरघळचं प्रत्येक पोर, मग ते कुणाच्याही घरचं असो, पहिल्यांदा गुंडाळतात ते गावातल्या अनेक घरांच्या जुनेरांत.

आणि "हे माझं होतं" असं जो म्हणेल, त्याने पुढच्या वर्षी गावाचं धुणं धुवायचं, हा नेमही आजतागायत चालू आहे.

चहा आला बघा. हो, तो राखाडी स्वेटर आता राहू द्या अंगावर, घाट उतरताना गारठा लागेल. मघापासून येणारी-जाणारी माणसं तुमच्याकडे बघून गालात हसताहेत, ते त्याच्यामुळेच. तो कुणाचा होता हे साऱ्या सावरघळला माहीत आहे. पण कुणी सांगायचं नाही.