साहेबांची सही

अमेरिकेत, अलाबामातल्या एका गावात काळ्या माणसाला मतदार व्हायचं तर गोऱ्या गृहस्थाची लेखी ग्वाही लागे. लुएला नावाची स्वयंपाकीण अर्ज घेऊन आली, तसा नोंदणी अधिकारी प्रुइटसाहेबांनी मिशीला पीळ दिला.

"तू शहाणी आहेस, तुला वाचता येतं, असं कोण गोरा लिहून देईल?"

लुएलाने पर्समधून जुना कागद काढला आणि खणखणीत वाचला, "'लुएला फार शहाणी. माझ्या आईला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवते, अर्थही समजावते.' तुमची नोकरी सोडताना तुम्हीच दिलेलं शिफारसपत्र, साहेब. आता सही खोटी म्हणता, की यादीत माझं नाव लिहिता?"

साहेबांनी नाव लिहिलं. मान वर केली, तर तिच्यामागे रांगेत उभ्या अकरा स्वयंपाकिणी आपापल्या मालकांची पत्रं काढत होत्या!