येते म्हणणारी मालबोट

लढाईच्या काळातली गोष्ट आहे, बरं का. चाळीस दिवसांत घाईघाईनं जोडलेली एक मालबोट बंदरात आली. एक फेरी टिकली तरी पुरे, असं बांधणारेच म्हणाले होते. धान्य भरून निघताना ती शेजारच्या सागवानी गलबताला म्हणाली, "येते हं, आजोबा."

गलबत हसलं. "येते कसली? जाते म्हण. माझं नुसतं लाकूड दोन वर्षं वाळवलं होतं!"

बोट परत आली. लढाई संपली, तरी धान्य वाहतच राहिली. पत्र्याला तडे गेले, ठिगळं बसली. दर खेपेला ती "येते" म्हणायची आणि यायची. उशीर झाला, की गलबत समुद्राकडे बघत बसायचं.

तीस वर्षांनी तिला भंगारात न्यायला माणसं आली. बोट हळूच म्हणाली, "आजोबा, आता मात्र जाते."

"असं म्हणू नये, पोरी," गलबत म्हणालं. "येते म्हण."