कोळंबीच्या घरचे बारसे

एका दिवाणखान्यात काचेची एक मोठी पेटी होती, आणि त्या पेटीत खाऱ्या पाण्याचा एक बेताचा समुद्र होता. या समुद्रात एक कोळंबी राहत असे. मुलांनो, कोळंबी म्हटल्याबरोबर तुमच्यापैकी काहींच्या तोंडाला पाणी सुटले असेल. पण ही ताटातली कोळंबी नव्हे. हिचे अंग लालचुटूक, पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक पांढरीशुभ्र पट्टी, आणि मिशा तर अंगाहूनही लांब. तिचे काम माशांचे दात साफ करण्याचे. पेटीच्या मधोमध एक सपाट दगड होता. त्यावर उभी राहून ती मिशा हलवी, म्हणजे ‘या, या’ असे बोलावणे. मग मासे येत, आ वासत, आणि ती बेधडक त्यांच्या जबड्यात शिरून अडकलेले कण टिपून खाई. आजवर एकाही माशाने तोंड मिटले नव्हते. या गोष्टीचा तिला फार अभिमान वाटे.

पुढे तिच्या पोटाखाली हिरवट अंड्यांचा घोस धरला. पंधरा दिवस तिने त्याला पायांनी वारा घातला, एकेक अंडे पुसून स्वच्छ ठेवले. अंड्यांत इवलेसे चकचकीत डोळे दिसू लागले, तेव्हा तिला आनंदाने काही सुचेना. दोन-अडीचशे पोरे! ती सगळी जगावीत, एवढेच तिच्या मनात होते. पहिलटकरीण होती बिचारी, आणि तिला चार गोष्टी सांगायला तिच्या जातीचे वडीलधारे कुणी त्या पेटीत नव्हते.

त्या दिवशी दुपारी तिने दगडावर येणाऱ्या प्रत्येक माशाला आमंत्रण दिले. “आज दिवे मालवले की माझी पोरं सुटायची. सगळ्यांनी बारशाला यायचं हं!”

“यायचं म्हणजे काय, येणारच!” तिचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक असलेला निळा मासा म्हणाला. “ताई, तुझी पोरं ती आमचीच पोरं. डोळ्यांत तेल घालून सांभाळू.”

शंखातला म्हातारा खेकडा हे ऐकत होता. मासे गेल्यावर तो हळूच म्हणाला, “पोरी, त्या तोंडांत तू रोज शिरतेस. त्यात दात कशासाठी आहेत, हे कधी विचारलंस का कुणाला?”

“तुम्ही आपले सारखे शंखात बसून राहता, म्हणून तुम्हाला सगळ्यांचा संशय!” कोळंबी फणकाऱ्याने म्हणाली. खेकड्याने डोळे आत ओढून घेतले.

एवढ्यात वरून पाण्यात हात आला. पेटीच्या मालकीणबाई म्हणजे शाळेत प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या तोरस्करबाई. त्यांच्या हातात बारीक भोकांचा एक पारदर्शक डबा होता. “चल गं बाई, तुझ्यासाठी बाळंतिणीची खोली केलीय,” त्या म्हणत होत्या. “इथं बाहेर सुटलीस तर एक पिल्लू हाती लागायचं नाही.” पण कोळंबीला माणसाची भाषा कुठली कळायला? तिला दिसला तो डबा आणि तिच्यावर येणारा हात. “चोर! माझ्या पोरांवर डोळा आहे हिचा!” असे ओरडत ती दगडाखालच्या कपारीत शिरली. तासभर कोपरापर्यंत पाण्यात हात घालून बाई दमल्या, आणि “हट्टी आहेस अगदी!” असे म्हणून निघून गेल्या.

साडेसातला पेटीतले दिवे मंदावले. कोळंबी बाहेर आली आणि थेट आपल्या सपाट दगडावर जाऊन उभी राहिली. याहून सुरक्षित जागा तिला माहीतच नव्हती. तिने पोटाखालचे पाय जोराने झाडले, आणि राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, काचेसारखी आरपार पोरे पाण्यात भुर्रकन पसरली. पाहुणे जमलेलेच होते. निळा मासा सर्वांत पुढे. त्याने नेहमीप्रमाणे आ वासला. कोळंबीला वाटले, याला आजच्या दिवशीही दात साफ करून हवेत! ती हसून एक पाऊल पुढे सरकली, आणि माशाने तोंड मिटले.

ती जागच्या जागी थिजली. तिच्यासमोर वासलेले तोंड कुणी असे मिटलेले तिने कधी पाहिलेच नव्हते. तोंड पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. शेजारचे उघडले, तेही मिटले. “अरे, अरे! ती माझी आहेत! थांबा!” ती जिवाच्या आकांताने मिशा हलवू लागली. पण मुलांनो, त्या मिशांचा अर्थ त्या पेटीत एकच होता: या, या. कोपऱ्यात झोपायला गेलेले मासेही ते बोलावणे पाहून धावत आले.

तेवढ्यात काचेबाहेर एक दिवा लागला. उजेड दिसताच उरलीसुरली पोरे त्याच्याकडे ओढली गेली, आणि बाईंनी पाण्यात सोडलेल्या नळीतून भराभर नाहीशी झाली. “चोर! चोर!” कोळंबी किंचाळली. थोड्याच वेळात पाणी स्वच्छ, रिकामे झाले.

सकाळ झाली तरी ती दगडावर तशीच उभी होती. निळा मासा डुलत डुलत आला. “ताई, बारसं झकास झालं हो! घुगऱ्या तर काय चवदार होत्या! एक-दोन दातांत अडकल्यात, जरा बघतेस?”

तिने पाहिले. माशाच्या दाताला दोन इवलेसे चकचकीत डोळे चिकटले होते.

“त्या घुगऱ्या नव्हत्या रे,” ती म्हणाली. “ती माझी पोरं होती.”

मासा खरोखरच चमकला. “काय सांगतेस! मग त्यांच्या पाठीवर पट्टी कुठं होती? आणि तूच तर मिशा हलवून बोलावत होतीस!”

“तू म्हणाला होतास, ती आमचीच पोरं...”

“म्हणालो खरा,” मासा ओशाळून म्हणाला. “पण दात साफ करणाऱ्या ताईला नाही कसं म्हणायचं?”

शंखातला खेकडा काचेला टेकून उभा होता. “पोरी, इकडे ये. बाहेर बघ,” तो म्हणाला.

काचेबाहेर टेबलावर पाण्याने भरलेली एक गोल बरणी होती. तिच्यात तीस-चाळीस ठिपके टुणटुण उड्या मारत होते, आणि तोरस्करबाई डोळ्यांवर चष्मा चढवून, श्वास रोखून, त्यांना थेंबाथेंबाने खाऊ घालत होत्या. जी पोरे विश्वासाने पाहुण्यांवर सोपवली, त्यांतले एकही उरले नव्हते. ‘चोर’ म्हणून जिच्या नावाने ती ओरडली, तिच्याचपाशी तेवढी जिवंत होती. कोळंबीने दोन्ही मिशा काचेला लावल्या आणि ती बघतच राहिली.

मागे निळा मासा अजून आ वासून तिची वाट पाहत होता.

तात्पर्य : ज्याचे आपल्यावाचून अडते, तो आपल्याला सांभाळतो, पण ती त्याची गरज असते. तिला माया समजून आपल्या जिवाचा तुकडा त्याच्या हवाली करू नये.