महिपती आणि तेहतीस झाडं

एका शहरात, बसस्टँडच्या मागच्या अंगाला, कुसुमनगर नावाची वसाहत होती आणि तिथे महिपती नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. भोळा म्हणजे किती, तर दुकानाच्या दारावर ‘ढकला’ लिहिलेलं दिसलं की काही घ्यायचं नसलं तरी तो ढकलून पुढे जाई.

त्याला कुणी काम सांगत नसे. सांगत त्या एकट्या कुमुदताई. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंनी वसाहतीत झाडं लावायचं मंडळ काढलं होतं. उकिरडा झालेल्या मोकळ्या प्लॉटवर त्यांना बाग हवी होती. महापालिका म्हणाली, चाळीस झाडं लावा. दिवाळीनंतर आमचे साहेब येऊन मोजतील. तीस जगली तर प्लॉट तुमचा, नाही तर तिथे वाहनतळ.

ताईंनी महिपतीला मंडळाची हिरवी टोपी दिली. ती घालून तो झोपायचासुद्धा.

पहिल्या रविवारी सगळ्यांनी खड्डे खणले. महिपतीनं चार रोपं लावली, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांसकट.

ताई म्हणाल्या, “अरे महिपती, आधी पिशवी फाडून काढायची. पिशवीत जीव गुदमरतो.”

“बरं ताई. पुढच्या वेळी तसंच करतो.”

अर्ध्या तासानं त्याला चहासाठी दूध आणायला पाठवलं. महिपतीनं दुकानाच्या पायरीवरच पिशवी फाडून काढली. दूध पायरीवरून गटारात गेलं. तो रिकामे हात घेऊन परत आला.

“आता गुदमरायचं नाही,” तो म्हणाला.

सगळ्यांनी कोरा चहा प्यायला. ताई म्हणाल्या, “असली वस्तू डब्यात घालून, झाकण घट्ट लावून आणायची.”

“बरं ताई. पुढच्या वेळी तसंच करतो.”

पुढच्या आठवड्यात त्याला रोपवाटिकेतून खतासाठी गांडुळं आणायला धाडलं. महिपतीनं ती स्टीलच्या डब्यात भरली, झाकण ठोकून बसवलं आणि डबा मांडीवर घेऊन दोन तास उन्हात बसची वाट पाहिली. ताईंनी झाकण उघडलं आणि लगेच पुन्हा लावलं.

“महिपती, जिवंत प्राणी होता तो. त्याला ओल्या मातीत सोडायचं, वरून पाणी शिंपडायचं आणि गोणपाट टाकायचं.”

“बरं ताई. पुढच्या वेळी तसंच करतो.”

मग प्लॉटवर फलक लावायचा कार्यक्रम ठरला. नगरसेवक पांढराशुभ्र सफारी घालून आले. ताई हार आणायला घरी गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, “महिपती, पाहुण्यांकडे बघ.”

महिपतीनं नीट बघितलं. नगरसेवक जिवंत होते. त्यानं त्यांचा हात धरून त्यांना एका ओल्या खड्ड्यात उतरवलं. त्यांना वाटलं, इथे फोटो काढायचा असेल, म्हणून ते हसतमुखानं उतरले. मग महिपतीनं झारीनं डोक्यावर पाणी शिंपडलं आणि वरून गोणपाट टाकलं.

फोटो मात्र झकास आला.

त्या दिवशी ताईंचा आवाज चढला. “पाहुण्याशी असं वागतात? पाहुणा आला की सावलीत बसवायचं. समोर खायला ठेवायचं. तो लाजला तर आग्रह करायचा.”

महिपतीचं तोंड एवढंसं झालं. टोपी काढून घेतील अशी त्याला भीती वाटली. त्यानं तीन वेळा घोकलं, सावली, खाणं, आग्रह.

दोन दिवसांनी दुपारी प्लॉटवर एक शेळी आली. महिपतीनं तिला फलकाच्या सावलीत घेतलं आणि आंब्याचं रोप पुढे केलं. “घ्या ना. लाजू नका.” शेळी लाजली नाही. दुसरं जांभळाचं झालं, तिसरं शेवग्याचं. सातव्या रोपाला तिनं मान फिरवली, पण महिपती ऐकणार होता थोडाच? “एवढं एक माझ्या नावानं,” म्हणून त्यानं तेही तिच्या गळ्याखाली उतरवलं. करंजाच्या रोपांना मात्र तिनं काही केल्या तोंड लावलं नाही.

ताई आल्या आणि मटकन खालीच बसल्या. उरलेली रोपं मोजून म्हणाल्या, “तेहतीस उरली. तीस लागतात. महिपती, आता एकच ऐक. खाणारं कुणी येताना दिसलं की बाकी सगळं सोडायचं आणि आधी झाडं वाचवायची. त्याच्या तोंडी लागता कामा नयेत.”

“बरं ताई. पुढच्या वेळी तसंच करतो.”

आणि खरंच, पुढे तीन महिने एकही झाड गेलं नाही. महिपती सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचा. तेहतीसच्या तेहतीस झाडांना नवी पालवी फुटली. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायच्या.

दिवाळी झाली. साहेब मोजायला येणार तो दिवस उजाडला. सकाळी मंडळाचे चिटणीस दळवीकाका ताईंच्या कानाशी लागले. “जरा जपून हं. हा साहेब फार खाणारा आहे म्हणतात.”

महिपती शेजारीच झारी भरत होता. त्यानं झारी खाली ठेवली.

दहा वाजता ताई आणि दळवीकाका नाक्यावरून साहेबांना घेऊन आले. मागे निम्मी वसाहत होती. साहेबांनी वही उघडली आणि प्लॉटकडे पाहिलं. प्लॉटवर खड्डे होते. झाड एकही नव्हतं.

महिपती घामानं निथळत, टोपी सरळ करत पुढे आला.

“झाडं कुठे आहेत?” साहेबांनी विचारलं.

“सुखरूप आहेत साहेब. तेहतीसच्या तेहतीस. मुळासकट उपटून माझ्या पलंगाखाली ठेवलीत. तुम्ही खाता असं कळलं ना.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “मी खातो? कोण म्हणालं?”

“हे दळवीकाका. फार खाता म्हणाले.”

दळवीकाका खड्डे मोजू लागले. साहेबांनी वही मिटली. ते पाहून महिपतीला वाईट वाटलं. तो जवळ गेला आणि हळूच म्हणाला, “अगदीच भूक लागली असेल तर करंजाची दोन काढून देतो साहेब. ती शेळीनंसुद्धा खाल्ली नव्हती.”